कवायत शिकवणाऱ्या उस्तादाने काय घालावं? (वर्दी, टर्न-आऊट म्हणजे वर्दीतली टापटीप, आणि आपल्याकडची भरती मैदानं)

कातळावरचा_उस्ताद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झालो. नोकरीची बरीच वर्षं ड्रिल स्क्वेअरवरच गेली, रिक्रूट पोरांना सावधान-विश्रामपासून ट्रेनिंग संपतानाच्या कसम परेडपर्यंत न्यायचं हे काम. आता गावी असतो, संगमेश्वर तालुक्यात, आणि सकाळी शाळेच्या मैदानावर पोलीस भरती नि अग्निवीरची तयारी करणाऱ्या पोरापोरींना पळणं आणि कवायत शिकवतो, फी वगैरे काही घेत नाही.

विषय असा की मध्यंतरी तालुक्याच्या एका कार्यक्रमाला एका भरती अकॅडमीची पोरं संचलनाला आलेली, पोरं चांगली होती, मेहनत दिसत होती. त्यांच्याबरोबर जो शिकवणारा होता तो आर्मीच्या नव्या पॅटर्नच्या कॉम्बॅट ड्रेसमध्ये, डोक्यावर बॅरे (फौजी गोल टोपी), त्याला हॅकल म्हणजे तुरा, दंडावर हवालदाराच्या तीन फित्या, छातीवरून तिरका लाल सॅश म्हणजे पट्टा आणि काखेत काठी. मी फौजी माणूस म्हणून जवळ जाऊन विचारलं, कुठली पलटण? तर म्हणाला मी सर्व्हिस केलेली नाही, मुलांवर इम्प्रेशन पडावं म्हणून घालतो. त्याच्या पोरांसमोर मी त्याला काही बोललो नाही. पण खरं सांगतो, मनाला लागलं. कारण फित्या, सॅश, काठी सगळं होतं, आणि बुटाची नाडी बाहेर लोंबत होती, बेल्टचं बक्कल शर्टाच्या पट्टीपासून चार बोटं सरकलेलं, बॅरे उशीसारखी फुगलेली. खुणा सगळ्या उचलल्या आणि ज्यासाठी त्या खुणा मिळतात ते तिथंच ठेवलं.

फौजेत रिक्रूट येतो तेव्हा त्याला सैनिक म्हणजे काय ते माहीत नसतं. पहिले काही महिने तो दिवसभर एकाच माणसाला बघतो, तो म्हणजे उस्ताद. कर्नलसाहेब त्याला लांबून दिसतात, सुभेदारसाहेब सकाळी परेडला, पण उस्ताद डोळ्यासमोर उठल्यापासून झोपेपर्यंत. त्यामुळे नियम सरळ होता, पोरांचं निरीक्षण करण्याआधी तुमचं निरीक्षण होणार. आम्ही ड्रिलचे इन्स्ट्रक्टर पोरांच्या आधी फॉल-इन व्हायचो आणि सुभेदारसाहेब आम्हाला वरपासून खालपर्यंत बघायचे, बॅरेचा बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर आहे का, हॅकल सरळ उभा आहे का, बाहीला एकच रेघ आहे की इस्त्री घसरून दोन झाल्यात, बक्कल बटणपट्टीच्या सरळ रेषेत आहे का, अँकलेटचे (घोट्यावरच्या आवरणाचे) पट्टे बाहेरच्या बाजूला आणि टोकं आत खोचलेली आहेत का, बुटाच्या तळाचे खिळे सगळे जागेवर आहेत का. हो, तळवासुद्धा बघायचे, पाय मागं उचलायला लावून. एक खिळा गेला तर पाय मारल्यावर आवाज फुटतो आणि पूर्ण स्क्वॉडच्या आवाजात तो ऐकू येतो.

तर मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. एक, ज्या खुणा आपल्या नाहीत त्या घालू नयेत. दोन, टर्न-आऊट ही मात्र कुणाच्या मालकीची गोष्ट नाही, ती गावच्या मैदानावर शिकवणाऱ्यानेही पाळलीच पाहिजे. तुमच्याकडे काय चित्र आहे ते लिहा. माजी सैनिक, नेव्हीवाले, एनसीसीवाले, सगळ्यांनीच.

खाडीपलीकडे

उत्तम धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आमच्या गुहागर बाजूलापण हे फार वाढलंय. पोरं आठवी-नववीपासून कॅमो पँट घालून फिरतात, त्याचं काही नाही, पण शिकवणाऱ्याने रँक लावणं म्हणजे जरा जास्तच. कायद्याने चालतं का हे?

सह्यकडा

कायद्याने चालत नाही. सैनिक नसताना सैनिक आहे असं लोकांना वाटावं या हेतूने गणवेश किंवा खूण वापरली तर आधी भारतीय दंड विधानाचं कलम १४० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम १६८ आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथं हेतू महत्त्वाचा, नुसती कॅमो पँट घालून बैल चारायला गेला तर कुणी पकडणार नाही. पण उस्तादांनी सांगितलेल्या माणसाने स्वतःच म्हटलंय की इम्प्रेशन पडावं म्हणून.

आणि नवीन कॉम्बॅट ड्रेसचं तर वेगळंच आहे. १५ जानेवारी २०२२ च्या आर्मी डे परेडला तो पहिल्यांदा दिसला, निफ्ट या फॅशन संस्थेच्या मदतीने डिझाईन केला आणि सेनेने त्या पॅटर्नची रीतसर नोंदणी करून घेतलीय, म्हणजे तो उघड्या बाजारात विकताच येत नाही. बाजारात जे मिळतं ते नक्कल.

चिपळूणचा_शिंपी

माझं शिलाईचं दुकान आहे, पोलीस आणि एनसीसीचे ड्रेस शिवतो, वडीलपण तेच करायचे. नवीन पॅटर्नचं कापड घेऊन लोक येतात आणि सांगतात हवालदारची फीत लावून द्या, मी सरळ परत पाठवतो. ओळखपत्र दाखवल्याशिवाय रँक लावत नाही. धंदा जातो, जाऊ दे.

बाकी उस्ताद तुम्ही बाहीच्या दोन रेघांचं लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. गिऱ्हाईक मला सांगतात की रेघ शिवूनच द्या म्हणजे इस्त्रीची कटकट नको. शिवलेली रेघ लांबून बरी दिसते पण हात वाकवला की कापड तिथं ताठ राहतं आणि बाजूला चुण्या पडतात, जाणत्याला लगेच कळतं. टेरीकॉट असेल तर ओलं फडकं टाकून इस्त्री मारा आणि गार होईपर्यंत हलवू नका, रेघ दिवसभर टिकते. इस्त्री मारून गरम शर्ट तसाच अंगात घालतात तिथंच सगळं जातं.

गोदीवाला

बरा लिवलंस उस्ताद. मी मालवणचो, नेव्हीत होतंय, आता घराक असतंय. पुढचा साध्या मराठीत लिवतंय म्हणजे सगळ्यांका कळात.

नेव्हीत ड्रिल शिकवणारा तो जीआय, म्हणजे गनरी इन्स्ट्रक्टर. आमची ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्काला. जीआयचा पांढरा बेल्ट आणि पांढरे गेटर्स (घोट्यावरचं आवरण) बघितले की आम्ही आपोआप ताठ व्हायचो. पांढऱ्या ड्रेसचं एक असतं, खाकीवर डाग लपतो, पांढऱ्यावर लपत नाही. दिवसभर परेड ग्राउंडवर धुळीत उभं राहून संध्याकाळी तो माणूस सकाळसारखाच कसा दिसतो याचं मला फार कुतूहल होतं. नंतर कळलं की ते लोक बसतच नाहीत. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा उभे राहून चहा प्यायचे, बसलं की पँटच्या मांडीवर आडव्या चुण्या पडतात म्हणून. हे कुणी त्यांना लिहून दिलेलं नव्हतं, एकाचं बघून दुसरा करायचा.

अवांतर : अकॅडमीत सॅल्यूटपण सरसकट आर्मीचा शिकवतात. नेव्हीचा सॅल्यूट वेगळा, तळवा खाली झुकलेला, कारण पूर्वी दोरखंड आणि डांबराने खलाशांचे हात काळे व्हायचे, ते अधिकाऱ्याला दिसू नयेत म्हणून, असं आम्हाला शिकवलेलं. एअर फोर्सने २००६ मध्ये आपला बदलला, तो आता ४५ अंशात. ज्याला नेव्हीत जायचंय त्याला आधीपासून निदान फरक तरी माहीत पाहिजे.

वाशिष्ठीकाठ

मी ज्युनियर कॉलेजात शिकवते, स्वतः एनसीसीची सी सर्टिफिकेट (सगळ्यात वरचं) कॅडेट होते. उस्तादांचा मुद्दा शंभर टक्के पटला. कॅम्पला आमच्या पीआय स्टाफमध्ये, म्हणजे फौजेतून आलेल्या शिकवणाऱ्यांत, एक हवालदार होते, त्यांनी आम्हाला बूट पॉलिश शिकवलं ते आधी स्वतः जमिनीवर बसून, आमच्यासमोर. सुती फडकं दोन बोटांवर घट्ट गुंडाळून, मागे पिळा घालून मुठीत धरायचं, पॉलिश अगदी नखाएवढं घ्यायचं आणि बुटाच्या टोकावर छोटे छोटे गोल फिरवत राहायचं, मध्येच पाण्याचा एक थेंब, परत गोल. पहिला थर धुरकट दिसतो, दुसरा पण, मग हळूहळू त्यात ट्यूबलाईट दिसायला लागते. आम्ही मुली कंटाळून ब्रशने घासायला लागलो की म्हणायचे, बेटा ब्रश चमक देतो, कपडा शीशा देतो.

पण मला एक विचारायचंय. मुलींच्या बाबतीत टर्न-आऊटचं कुणी धड सांगतच नाही. पँट पुरुषांच्या मापाची, बेल्टला जास्तीची भोकं पाडायची, बॅरे अंबाड्यावर बसत नाही. आमच्या वेळी आम्हीच शोधून काढलं की अंबाडा मानेलगत खाली बांधायचा म्हणजे बॅरे कपाळावर सरळ बसते. शिकवणारे सगळे पुरुष, त्यांना हे माहीत नसायचं.

सह्यकडा

@वाशिष्ठीकाठ, हा प्रश्न जगभर होता. अमेरिकन आर्मीत ड्रिल सार्जंटना ती रुंद गोल काठाची हॅट १९६४ पासून, पण बायका ड्रिल सार्जंट झाल्या तेव्हा त्यांच्यासाठी १९७२ मध्ये वेगळी हॅट काढली, एका बाजूने काठ वर दुमडलेली, आणि तिचं डिझाईन त्यांच्याच महिला कोअरच्या प्रमुख अधिकाऱ्याने, ब्रिगेडियर जनरल मिल्ड्रेड बेली यांनी केलं. त्यांच्या मरीन्समध्ये तर महिला ड्रिल इन्स्ट्रक्टरना पुरुषांसारखी कॅम्पेन हॅट, म्हणजे तीच रुंद काठाची, मिळायला १९९६ उजाडलं. काम तेच, रिक्रूटवरची सत्ता तीच, डोक्यावरची खूण मात्र इतक्या उशिरा.

आणि त्या हॅटचा इतिहास आपण खाडीकाठच्या लोकांनी तर वाचायलाच हवा. १९५६ च्या ८ एप्रिलला, मरीन्सच्या पॅरिस आयलंडच्या ट्रेनिंग सेंटरला, एका ड्रिल इन्स्ट्रक्टरने शिस्त लावायची म्हणून रात्री आपल्या प्लाटूनला रिबन क्रीकमध्ये उतरवलं. ही भरती-ओहोटीची खाडी, खाली चिखल, आणि मध्येच खोल. सहा रिक्रूट बुडून मेले. त्यानंतर तिथं मोठ्या सुधारणा झाल्या, ड्रिल इन्स्ट्रक्टरवर देखरेख आली, निवड आणि ट्रेनिंग कडक झालं, आणि त्याच वर्षी ती हॅट ड्रिल इन्स्ट्रक्टरना दिली गेली. म्हणजे जी हॅट आज सिनेमात दरारा दाखवायला वापरतात ती आली सहा पोरं गेल्यानंतर, या कामाची इज्जत आणि जबाबदारी दोन्ही परत उभी करायची म्हणून.

गोदीवाला

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे पोरांनापण माहीत असतं की ओहोटीला खाडी पायाखाली घट्ट वाटते आणि दोन पावलांवर कमरेपर्यंत आत जाता. रात्री तर नकोच.

नवा_कॅडेट

सर मी एफवायला आहे, एनसीसीला यंदाच लागलो. तुम्ही काठी काखेत म्हणालात ती काय असते? आमच्या कॅम्पला पण एका सरांकडे होती, दोन पायांची, पितळी टोकं असलेली. आम्हाला वाटलं मारायची.

कातळावरचा_उस्ताद

@नवा_कॅडेट, मारायची नाही रे बाळा. ती पेस स्टिक. ती उघडते, कंपासपेटीतल्या कर्कटकासारखी, आणि ठरलेल्या मापावर अडकते. मूळ ब्रिटिश तोफखान्यातली, तोफांमधलं अंतर मोजायला वापरायचे, मग पायदळाने पाऊल मोजायला उचलली. तेज चलला पाऊल ३० इंचाचं, मिनिटाला १२० पावलं. गुणाकार कर, मिनिटाला ३६०० इंच, म्हणजे बरोबर १०० यार्ड. पूर्वीच्या काळी कंपनी किती वेळात कुठं पोचेल हे यावरच काढायचे. स्क्वॉडमध्ये एक उंच पोरगा ३३ इंच टाकतो आणि बुटका २७, तर दहा पावलात रांग तुटते. त्या वेळी उस्ताद काठी उघडून त्याच्या बाजूने चालतो, टोकं जमिनीवर टाकत, आणि पोरगा काठीबरोबर पाऊल टाकायला शिकतो. सँडहर्स्टला तर १९२८ पासून या काठीची स्वतंत्र कवायतच आहे.

म्हणजे हे मोजमापाचं अवजार आहे. सुतार गुण्या घेऊन फिरतो तो रुबाबासाठी नाही. ज्याला पाऊल मोजता येत नाही त्याने ती काखेत घालून काय करायचं?

सॅशचंही तसंच आहे. ब्रिटिश पायदळात लाल सॅश म्हणजे सार्जंटची निशाणी, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला. आपल्याकडे ती तशीच आली आणि परेडवर लांबून दिसतं की हुकूम कुणाचा चालणार. धूळ, गोंधळ, तीनशे पोरं, तेव्हा नजर त्या लाल पट्ट्यावर जाते. पट्टा घातलेल्याने चूक केली तर सगळ्या मैदानाला दिसते, हेही त्यातच आलं.

@वाशिष्ठीकाठ ताई, तुमचं अंबाड्याचं मी आमच्या पोरींना दाखवतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कोंडगाव_फाटा

मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका. ही सगळी चकाकी इंग्रजांची देणगी आहे. पॉलिश, स्टार्च, ब्रासो, यात पोरांचा वेळ आणि आईबापाचे पैसे जातात. माझ्या भाचीला एका शाळेत संचलनातून बाहेर काढलं, का तर कॅनव्हासचे बूट पांढरे नव्हते, पिवळट होते. तिचे वडील आंब्याच्या बागेत राखणदार आहेत. नवीन बूट कुठून आणायचे? ती घरी येऊन रडली आणि परत कवायतीला गेलीच नाही. नेव्हीने नाही का बॅटन, ती अधिकाऱ्यांची छोटी काठी, बंद केली वसाहतीची खूण म्हणून? मग हे का नाही बंद करायचं?

गोदीवाला

बॅटनचं खरं आहे. जुलै २०२३ मध्ये नेव्हीने सगळ्यांनी बॅटन घेऊन फिरणं बंद केलं, आता ती फक्त प्रत्येक युनिटच्या प्रमुखाच्या ऑफिसात असते आणि चार्ज देता-घेताना वापरतात. पण बॅटन ही नुसती अधिकार दाखवायची काठी होती, तिने काही मोजत नव्हते. उस्तादांनी वर सांगितलेली पेस स्टिक वेगळी.

आणि बदल होतात हो. ४ डिसेंबर २०२३ चा नेव्ही डे आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ झाला, सगळं मालवण किनाऱ्यावर होतं, मी पण होतो. तिथंच पंतप्रधानांनी जाहीर केलं की नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या एपॉलेटमध्ये महाराजांच्या राजमुद्रेची छाप येणार, आणि महिनाअखेर ॲडमिरल लोकांची नवीन एपॉलेट आली, त्यात राजमुद्रेचा तो अष्टकोन आहे. ज्या किनाऱ्यावर महाराजांनी आरमार उभं केलं तिथल्या माणसाला त्याचं काय वाटलं ते मला लिहून सांगता येत नाही. पण ती एपॉलेट लावून कुणी मळका ड्रेस घालणार आहे का? खूण बदलली, टापटीप तीच राहिली.

कातळावरचा_उस्ताद

@कोंडगाव_फाटा, राग कशाला मानू, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तुमच्या भाचीवर अन्याय झाला, सरळ सांगतो. आणि तो टर्न-आऊटच्या नावावर झाला म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

फौजेत निरीक्षण करताना पहिला प्रश्न असतो की याला इश्यू काय झालंय. ज्या वस्तू सरकारने दिल्या त्यांचीच निगा विचारायची. जे दिलंच नाही त्याबद्दल जवानाला शिक्षा करता येत नाही, ते सामान देणाऱ्या क्वार्टरमास्टरला विचारायचं. एनसीसीत पण आता वर्दीचा भत्ता कॅडेटच्या बँक खात्यात येतो, त्यामुळे तिथं विचारणं समजू शकतं. पण शाळेच्या संचलनात राखणदाराच्या पोरीला बुटाचा पिवळेपणा विचारायचा हक्क कुणाला? तिने ते बूट धुतले होते का, नाड्या सारख्या बांधल्या होत्या का, एवढंच बघायचं. धुतलेला कपडा, सगळी बटणं लावलेली, नखं कापलेली, केस बांधलेले, याला पैसे लागत नाहीत. मी तर म्हणतो की जुने झिजलेले बूट स्वच्छ ठेवलेल्या पोराला मी नव्या बुटावर चिखल आणणाऱ्याच्या आधी पुढच्या रांगेत उभा करीन.

आणि दुसरं, सह्यकडांनी खाडीचं लिहिलं त्यावरून. उस्तादाचा दरारा हा त्याच्यावरच्या देखरेखीसकट येतो. फौजेत माझ्यावर सुभेदार होता, त्याच्यावर कंपनी कमांडर, डॉक्टर होता, नियम होते. गावच्या मैदानावर माझ्यावर कुणी नाही. म्हणून तिथं मी रगडा (दमवणारी शिक्षा) देत नाही, कोंबडा करत नाही, उन्हात उभं करत नाही. फौजी ड्रेस घालून येणारा शिकवणारा नेमका हाच भाग विसरतो, त्याला तो ड्रेस घातल्यावर शिक्षा द्यायचा हक्क मिळाल्यासारखं वाटतं. पोरंही विरोध करत नाहीत कारण त्यांना तो फौजी वाटतो. मला सगळ्यात जास्त भीती याची आहे.

तुमच्या भाचीला सांगा परत जायला. नाहीतर आमच्याकडे पाठवा.

कोंडगाव_फाटा

धन्यवाद उस्ताद. सांगतो तिला. इश्यूचा मुद्दा मला माहीत नव्हता.

देवगडची_आई

माझा मुलगा एनसीसीत आहे. एक व्यावहारिक प्रश्न. पावसाळ्यात बुटांना आणि बेल्टला बुरशी येते, पितळी बक्कल आठवड्यात हिरवं पडतं, पांढऱ्या अँकलेटला लाल मातीचे डाग जात नाहीत. १५ ऑगस्टच्या परेडच्या आधी दरवर्षी हीच धावपळ. काही उपाय?

कातळावरचा_उस्ताद

ताई, देशावरच्या सेंटरमध्ये जे शिकवतात ते आपल्या हवेत तसंच्या तसं चालत नाही, हे मला गावी आल्यावर कळलं. माझं असं चालतं :

बूट प्लास्टिक पिशवीत बांधून कधीच ठेवू नका, त्यातच बुरशी धरते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, रोज बदला, आणि हवा लागेल अशा फळीवर ठेवा. ओले बूट चुलीजवळ सुकवू नका, चामडं तडकतं आणि तडकलेल्या चामड्यावर पॉलिश बसत नाही. बुरशी आलीच तर आधी घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसा, मग स्पिरिटचा हात फिरवा, सुकू द्या, मग पॉलिश. पॉलिशचे थर रात्री द्या, सकाळी घाईत दिलेला थर दमट हवेत चिकट राहतो आणि पहिल्या पायालाच त्यावर माती बसते.

बक्कल खाऱ्या हवेने हिरवं पडतं, ते पितळेतलं तांबं. ब्रासो बरा, नसेल तर आपली चिंच किंवा आमसूल चोळा, घरची समई घासतो तसंच, पण नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा आणि लगेच कोरडं करा, आंबट राहिलं तर दुसऱ्या दिवशी परत हिरवं. शेवटी बोटावर जरासं मेण किंवा खोबरेल घेऊन पुसून काढा, खारी हवा थेट लागत नाही.

लाल मातीचा डाग म्हणजे लोखंडाचा गंज समजा. ब्लीच अजिबात नको, डाग पक्का होतो. माती सुकू द्या, झटका, गार पाण्यातून काढा, मग लिंबू-मीठ लावून उन्हात. ऊन नसेल तर निदान वाऱ्यावर.

आणि कांजी. आपल्याकडे भाताच्या पेजेची कांजी करतात, छान कडक होतो ड्रेस, पण पावसात कांजी केलेला ड्रेस कपाटात ठेवला की चार दिवसात काळे ठिपके. म्हणून नुसता धुवून ठेवा आणि कांजी परेडच्या आदल्या दिवशीच.

अजून एक महत्त्वाचं, ज्यांच्याकडे खिळ्यांचे ड्रिल बूट आहेत त्यांनी पावसात जांभ्याच्या फरशीवर किंवा शेवाळलेल्या पायऱ्यांवर ते घालून चालू नये. मैदानावर जाऊन घाला. खिळा जांभ्यावर धरत नाही, सरळ पाय जातो. परेडला पाऊस लागला तर पाय मारायचा जोर कमी करायला मी पोरांना आधीच सांगतो, एवढ्याने परेड वाईट दिसत नाही.

देवगडची_आई

खूप खूप धन्यवाद. लिंबू-मीठ आजच करून बघते. आम्ही ब्लीचच वापरत होतो.

माजी_पीटीएस

मी पोलीस दलात होतो, थोडं लिहितो. आमच्याकडेही कवायत निर्देशकाचं असंच असतं. रत्नागिरीच्या पोलीस परेड मैदानावर १ मे ला आणि २६ जानेवारीला जे संचलन लोक बघतात त्यामागे दोन-तीन आठवड्यांची तालीम असते, आणि त्या तालमीत निर्देशक स्वतः रोज पूर्ण गणवेशात असतो. आम्ही तालमीला कधी टी-शर्टवर यायचो, तो नाही. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे सगळ्यांना माहीत असेल, घराघरातून सैनिक गेलेलं गाव. तिथले जुने लोक मी बघितलेत, रिटायर होऊन जमाना झाला, अंगावर धोतर आणि साधा सदरा, पण १५ ऑगस्टला झेंड्याजवळ येताना सदऱ्याला इस्त्री आणि छातीवर स्वतः कमावलेली पदकं. रँक नाही, सॅश नाही. लोक आपोआप बाजूला होऊन वाट देतात.

नवा_कॅडेट

उस्ताद सर, मग तुम्ही मैदानावर काय घालता? आमच्या गावात पण एक दादा शिकवतो, त्याला सांगायचंय.

कातळावरचा_उस्ताद

पांढरा हाफ टी-शर्ट, आत खोचलेला. साधी खाकी पँट, कॅमो नाही. साधा काळा बेल्ट, बक्कल मधोमध. पांढरे कॅनव्हास बूट, रोज धुतलेले, दोन जोड आळीपाळीने कारण पावसात एक सुकत नाही. शिट्टी, घड्याळ, दाढी केलेली. बॅरे घालत नाही, ती माझ्या पलटणीची आहे, ती घरात कपाटात आहे आणि माजी सैनिकांच्या कार्यक्रमालाच बाहेर निघते.

पेस स्टिक नाही माझ्याकडे. पोफळीची एक सरळ पट्टी तासून घेतली, ३० इंचावर कापली, बारा इंचावर एक खाच केली, ती विश्रामला दोन पायांतलं अंतर दाखवायला. आणि मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो ३० इंचांवर, पोरं त्या रेषांवर पावलं टाकून शिकतात. तुझ्या दादाला हे सांग, खर्च काही नाही. पहिले आठ दिवस फक्त सावधान करून घे म्हणावं, टाचा जुळलेल्या आणि पंजे ३० अंशात, त्याच्याशिवाय पुढचं काही शिकवू नको. आणि तो पोरांच्या आधी मैदानावर पोचतो का तेवढं बघ.

चिपळूणचा_शिंपी

उस्ताद, तुमच्याकडच्या पोरींच्या खाकी पँट मी शिवून देतो, कापडाचे पैसे द्या फक्त, शिलाई नको. वाशिष्ठीकाठ ताईंनी लिहिलंय ते खरं आहे, तयार पँट पुरुषांच्या मापाच्या येतात, कंबर दाबून घेतली की खिसे मागे सरकतात. पण मापं लिहून पाठवू नका, सीट आणि आसन कागदावर कळत नाही. पोरींनाच घेऊन या.

कातळावरचा_उस्ताद

मोठं काम झालं हो. गणपतीत सगळे घरात अडकलेले असतात, त्यानंतरच्या रविवारी आणतो. कोंडगाव_फाटा, तुमच्या भाचीलाही त्या दिवशी पाठवा, माप तिचंही घेऊ.

कोंडगाव_फाटा

पाठवतो. मी स्वतःच घेऊन येतो तिला.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणातच आहे, दुकानात येते त्या रविवारी. बॅरे आणि अंबाडा दोन्ही दाखवते, सगळ्यांना हेअरपिना आणि जाळी आणायला सांगा. काळीच जाळी, रंगीत नको.